गांजाचा प्रश्न : तुरुंग नको, बाजारही नको

(जरीपटका, नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महागाई, बेकारी, शिक्षणाचे खाजगीकरण असे विषय समोर असताना आपण गांजाच्या चर्चेत का शिरावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नागपूरच्या नकाशातच आहे. हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई हे दोन लोहमार्ग आपल्या शहरात एकमेकांना छेदतात. राष्ट्रीय महामार्गांचीही येथे चौफुली आहे. ओडिशा आणि आंध्र यांच्या सीमेवरील डोंगरांत पिकणारा गांजा पश्चिमेकडे व उत्तरेकडे जातो, तो बव्हंशी याच वाटांनी. गाडीच्या डब्यात बेवारस पिशव्या सापडल्या आणि त्यांत गांजा निघाला, ही बातमी नागपूरच्या वाचकाला नवी राहिलेली नाही. जो माल शहरातून जातो, त्यातला काही शहरात उतरतो. आणि उतरतो तो जेथे बेकार तरुणांची वाण नाही अशा वस्त्यांत.

जरीपटका ही फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी कष्टाने उभी केलेली वसाहत. शेजारच्या इंदोऱ्याने आंबेडकरी चळवळीला कार्यकर्त्यांच्या पिढ्या दिल्या. १९५६ साली याच शहरात बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत मद्यपान न करण्याचीही एक प्रतिज्ञा होती. निर्व्यसनीपणा हा आपल्याकडे केवळ सोवळेपणाचा विषय कधीच नव्हता. तो गुलामीतून बाहेर पडण्याच्या लढ्याचा भाग होता. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी वाढत्या दारूदुकानांना विरोध केला, तोही याच भूमिकेतून. तेव्हा मी आज जे सांगणार आहे, ते व्यसनाची तरफदारी म्हणून कोणी ऐकू नये, एवढी विनंती आरंभीच करून ठेवतो.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. झाड एकच. त्याच्या पानांची होते ती भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा होतो तो गांजा, आणि त्याच झाडाचा डिंकासारखा चीक म्हणजे चरस. होळीला आणि महाशिवरात्रीला देवाच्या नावाने भांग घोटली जाते. उत्तर प्रदेश, राजस्थान येथे भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत. महाराष्ट्रात दारूबंदीच्या कायद्याखाली भांगेवरही निर्बंध आहेत. गांजा आणि चरस मात्र देशभर केंद्रीय कायद्याच्या कक्षेत गुन्हा आहेत. एकाच झाडाच्या पानाला प्रसादाचा मान आणि फुलाला तुरुंगाची वाट, अशी ही व्यवस्था आहे. ती कशी आली, हे समजल्यावाचून आजच्या वादाचा उलगडा होणार नाही.

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न निघाल्यावरून हिंदुस्थान सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. सात सदस्यांपैकी तिघे हिंदी होते. आयोगाने ११९३ साक्षी नोंदविल्या, प्रांतोप्रांती हिंडून पाहणी केली आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. तेव्हा मध्य प्रांताची राजधानी आपले नागपूर होते आणि प्रांतातील गांजाची परवानगीची लागवड निमाड जिल्ह्यात खांडव्याकडे होत असे. आयोगाचा निष्कर्ष असा की, बेताने केलेल्या सेवनाने शरीराला वा मनाला सहसा मोठी इजा होत नाही; अतिसेवनाने निश्चित होते; आणि संपूर्ण बंदी घातल्यास लोक त्याहून घातक पदार्थांकडे वळतील. यास्तव बंदी नको, कर व नियंत्रण असावे.

या अहवालातील एक भाग मला आजही अत्यंत शिकवणारा वाटतो. गांजाने माणसे वेडी होतात, हा तेव्हाचा सार्वत्रिक समज होता आणि त्याला आधार वेड्यांच्या इस्पितळांतील आकड्यांचा दिला जाई. आयोगाने ते आकडे मुळापासून तपासले. तेव्हा आढळले असे की, रोगी दाखल होताना कारणाच्या रकान्यात ‘गांजा’ हा शब्द पुष्कळदा कोणत्याही चौकशीवाचून भरलेला होता. वेडाचे कारण ठाऊक नाही, माणूस गरीब आहे, कधीमधी चिलीम ओढताना दिसला आहे, लिहा गांजा. गरिबाच्या दुःखाचे कारण शोधण्याचे कष्ट टाळायचे असले की त्याच्या व्यसनाकडे बोट दाखवावे, ही सरकारी सवय तेव्हाचीच आहे.

अर्थात त्या आयोगाला आपण डोक्यावर घेण्याचे कारण नाही. गांजावरचा कर साम्राज्याच्या तिजोरीत जात होता आणि बंदी न घालण्यात सरकारचा स्वार्थ होता. अहवालाची तपासणी प्रामाणिक, परंतु सरकारचा हेतू महसुलाचा, असा हा दुहेरी प्रकार होता. हा दुहेरीपणा ध्यानात ठेवा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

स्वातंत्र्यानंतर वारा फिरला. १९६१ साली संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने अमली पदार्थांसंबंधी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यामागे अमेरिकेचा मोठा आग्रह होता. गांजाला अफू आणि हेरॉइनच्या पंगतीला बसविण्यात आले. भारताच्या आग्रहामुळे पाने आणि बिया व्याख्येतून वगळल्या गेल्या, म्हणून भांग वाचली. आणि गांजाचा औषधेतर वापर थांबविण्यास पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. करार १९६४ च्या डिसेंबरात अंमलात आला. मुदत संपत आली तेव्हा, १९८५ मध्ये, राजीव गांधींच्या सरकारने अमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा कायदा केला. तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू आहे.

हा कायदा सामान्य फौजदारी कायद्याच्या रीतीने चालत नाही. सामान्यतः आरोप सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. येथे माल ताब्यात सापडला की हेतू गृहीत धरला जातो आणि निर्दोषत्व दाखविण्याचा भार आरोपीवर येतो. २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा मालाच्या वजनाशी जोडल्या. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण, शिक्षा एक वर्षापर्यंत; वीस किलोंपासून व्यापारी प्रमाण, शिक्षा किमान दहा वर्षे व कमाल वीस वर्षे, शिवाय किमान एक लाखाचा दंड. व्यापारी प्रमाणाच्या खटल्यात जामीन मिळणे महाकठीण. नुसत्या सेवनालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्यातील एका कलमात तर दुसऱ्यांदा केलेल्या काही गुन्ह्यांस फाशी अनिवार्य होती. ती अनिवार्यता २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली.

आता प्रश्न असा की, हा कठोर कायदा कोणाच्या पाठीवर पडतो? मालाच्या प्रवासाबरोबर आपणही जाऊन पाहू.

पहिला भेटतो तो डोंगरातला आदिवासी शेतकरी. मलकानगिरी, कोरापूट, विशाखापट्टणमचा डोंगराळ प्रदेश. आपल्याच राज्यात म्हणाल तर धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्याचे सातपुड्यातील पाडे. रस्ता नाही, पाणी नाही, भात-ज्वारीला भाव नाही. बाहेरचा व्यापारी आगाऊ पैसे देऊन गांजा लावायला सांगतो. पोलिसांची धाड पडली की उभे पीक उपटले जाते, गुन्हा शेतकऱ्यावर नोंदला जातो, व्यापाऱ्याचे नाव कागदावर येतच नाही. दुसरा भेटतो तो वाहणारा: कर्जात बुडालेला ट्रकचालक, किंवा काही हजार रुपयांसाठी पिशवी पोहोचविणारी बाई. वीस किलोंच्या वर सापडली की तिची दहा वर्षे गेली. तिसरा भेटतो तो ओढणारा. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने २०१७ व २०१८ मधील मुंबईच्या दंडाधिकाऱ्यांकडील निकालांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. बहुसंख्य खटले गांजाचे, तेही स्वतः सेवन केल्याचे. आणि शिक्षा झालेल्यांत भरणा होता तो रोजंदारीवरच्या मजुरांचा, झोपडपट्टीत आणि पदपथावर राहणाऱ्यांचा.

याच्या शेजारी २०२१ च्या ऑक्टोबरातील मुंबईच्या क्रूझ जहाजाचे प्रकरण ठेवून पाहा. एका विख्यात नटाच्या मुलाजवळ काही सापडले नव्हते, तरी त्याला तीन आठवड्यांहून अधिक काळ कोठडीत राहावे लागले. नामांकित वकील उभे राहिले, सारा देश पाहत होता, आणि २०२२ च्या मे महिन्यात पुराव्याअभावी त्याचे नाव आरोपपत्रातून वगळले गेले. त्याच्यावर अन्याय झाला, हे मी मान्य करतो. परंतु ज्याच्यासाठी एकही कॅमेरा उभा राहत नाही, अशा आपल्या वस्तीतल्या पोराचे काय? त्याला वकील कोण देणार, जामीनदार कोण होणार, आणि पोलिसांच्या नोंदीवर नाव चढल्यानंतर त्याला नोकरी कोण देणार?

मित्रहो, येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग सगळे खुले करून टाका. आजकाल शहरांतील एका वर्गात हे मत फार लोकप्रिय आहे. गांजा नैसर्गिक आहे, औषधी आहे, निरुपद्रवी आहे, असे ते सांगतात. या तीनही शब्दांची छाननी केली पाहिजे.

नैसर्गिक आहे, हे खरे. धोतराही नैसर्गिक आहे. औषधी आहे, यात तथ्य आहे. १८३९ साली कलकत्त्यात ओशॉनेसी या डॉक्टरने धनुर्वात आणि इतर रोगांवर त्याचे प्रयोग करून युरोपीय वैद्यकाला त्याची ओळख करून दिली. आपल्या वैद्यकात तो ‘विजया’ या नावाने आहे. आज बालपणीच्या काही दुर्मिळ अपस्मारांवर, कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या उलट्यांवर, काही दीर्घ वेदनांवर त्यातील द्रव्यांचा उपयोग होतो, याला आधुनिक संशोधनाचा आधार आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला अतिघातक पदार्थांच्या यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी काढले, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. पण उलटी थांबविणारे औषध आणि चिलमीचा धूर या एकच गोष्टी नव्हेत.

निरुपद्रवी आहे, हे मात्र असत्य आहे. ओढणाऱ्यांपैकी साधारण दहांत एकाला त्याचे व्यसन जडते. कोवळ्या वयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण बरेच अधिक. रोज आणि जहाल माल ओढणाऱ्यांत भ्रम, संशय, मनोविकृती यांचा धोका वाढतो, हे आता पुष्कळ अभ्यासांतून दिसले आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा मेंदू अजून घडत असतो. त्याची स्मरणशक्ती आणि अभ्यासाची उमेद ही चिलीम आधी खाते. दारू किंवा हेरॉइनप्रमाणे अतिसेवनाने तडकाफडकी मृत्यू गांजाने सहसा येत नाही, हे खरे. परंतु जो पोरगा मरत नाही पण उठतही नाही, त्याच्या आईला हा दिलासा पुरेसा आहे काय?

प्रमाणाचेही भान हवे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्याप्रमाणे वर्षभरात भांग, गांजा वा चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख. दारू घेणारे सुमारे १६ कोटी. गांजा-भांगेच्या त्रासामुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख. दारूमुळे सुमारे ५ कोटी ७० लाख. म्हणजे ज्या व्यसनाने अधिक घरे मोडतात, त्यावर सरकार उत्पादन शुल्क घेते. आणि ज्याने त्यामानाने कमी मोडतात, त्यासाठी तुरुंग भरते. १८९३ चा दुहेरीपणा आठवा. तिजोरीला जे लाभते त्याला परवाना, जे लाभत नाही त्याला बेडी.

जगात काय चालले आहे? ज्या अमेरिकेने जगावर बंदी लादली, त्याच अमेरिकेतील कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांनी २०१२ मध्ये मतदानाने गांजा कायदेशीर केला. पुढे अनेक राज्ये त्या वाटेने गेली. बंदीच्या काळात तेथे कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या तुलनेत पावणेचार पटींच्या जवळपास अटका होत होत्या, असे एका नागरी हक्क संघटनेने २०१३ मध्ये दाखवून दिले होते. दुकाने उघडली तेव्हा मात्र बहुतांश परवाने भांडवलदार गोऱ्यांच्या हाती गेले. ज्यांनी तुरुंग भोगला त्यांना धंदा मिळाला नाही. ज्यांनी धंदा मिळवला त्यांनी तुरुंग पाहिला नव्हता. कॅनडात २०१८ मध्ये कायदा झाला आणि कंपन्यांचे समभाग बाजारात उधळले. थायलंडने २०२२ च्या जूनमध्ये नियमांची नीट तयारी न करता गांजा यादीतून काढला. गल्लोगल्ली दुकाने झाली, आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालावी लागली.

दुसऱ्या वाटाही आहेत. पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःपुरता अमली पदार्थ बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहू दिला नाही. पकडलेल्याला न्यायालयापुढे न नेता आरोग्य खात्याच्या समितीपुढे नेले. उरुग्वेने २०१३ मध्ये सरकारी नियंत्रणाखाली उत्पादन, नोंदणी केलेल्यांनाच औषधालयातून विक्री आणि जाहिरातीला संपूर्ण मनाई, अशी पद्धत स्वीकारली. जर्मनीने २०२४ मध्ये प्रौढांना थोडा गांजा बाळगण्याची मुभा दिली, पण दुकाने उघडू दिली नाहीत. विना-नफा मंडळांना आपल्या सभासदांपुरती लागवड करू दिली. म्हणजे बंदी किंवा बाजार, एवढे दोनच पर्याय आहेत, हे म्हणणे खोटे आहे.

परदेशाचे राहू द्या. आपल्या विदर्भाइतकी दारूबंदीची प्रयोगशाळा देशात क्वचितच सापडेल. गडचिरोलीत १९९३ साली बंदी आली, ती गावोगावच्या जनआंदोलनाच्या रेट्याने. आणि पुढेही तेथे बायकांनी, गावसभांनी ती राखण्यासाठी कष्ट घेतले. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. तीही स्त्रियांच्या मोठ्या लढ्यानंतर आली. पण अंमलबजावणी शासनाने खात्यावर सोपवून दिली, चोरटी दारू वाढली, आणि २०२१ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने ती उठविली. यातून मी एवढेच घेतो: लोकांची जागती चळवळ मागे असेल तर नियंत्रण टिकते, नुसत्या पोलिसांच्या भरवशावरचे नियंत्रण हप्त्याची सोय करून देते.

आता सर्वांत कठीण आक्षेपाकडे वळतो. तो पुस्तकातून येत नाही, आपल्या वस्तीतल्या बायकांकडून येतो. त्या म्हणतील, आमच्या गल्लीच्या तोंडाशी पुड्या विकणारा बसतो, संध्याकाळी मुलीला क्लासहून एकटी आणता येत नाही, आणि तुम्ही शिक्षा कमी करा म्हणता? या आक्षेपाला तात्त्विक उत्तर देऊन पळ काढणे हा अप्रामाणिकपणा होईल. त्या बरोबर आहेत. अड्डा बंद झालाच पाहिजे. अल्पवयीन मुलाला पुडी विकणाऱ्याला कठोर शिक्षा झालीच पाहिजे. पण त्याच बायकांना आपण हेही विचारू: चाळीस वर्षे हा कायदा आहे, अड्डा बंद झाला का? पकडला कोण गेला, विकणारा की तुमचा पोरगा? आणि पोरगा सुटून आला तेव्हा सुधारून आला, की आत नवी ओळख करून, गांजा सोडून एमडीच्या पुडीकडे वळून आला? पोलिसाचा वेळ ओढणाऱ्याच्या खिशात गेला, तर पुरविणाऱ्याच्या गोदामापर्यंत तो कधी पोहोचणार? सेवन करणाऱ्याला फौजदारीतून मोकळे करण्याची मागणी ही अड्ड्याला अभय देण्याची मागणी नव्हे. कायद्याचा रोख खालून वर वळविण्याची ती मागणी आहे.

तर आपली भूमिका काय असावी? माझ्या मते पाच गोष्टी आपण स्पष्टपणे मांडाव्यात. पहिली, स्वतःच्या सेवनासाठी थोडा गांजा बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहू नये. तो आरोग्य खात्याचा विषय व्हावा. दुसरी, प्रत्येक तालुक्यात आणि महानगरपालिकेच्या प्रत्येक विभागात मोफत सरकारी व्यसनमुक्ती केंद्र असावे. खाजगी केंद्रांत साखळदंड आणि मारहाण चालत असेल तर ती बंद करावीत. तिसरी, औषधी उपयोगाचे संशोधन सरकारी संस्थांत व्हावे आणि औषध गरिबाला परवडेल अशा दरात मिळावे. चौथी, धाग्यासाठी वा औषधासाठी लागवडीला मुभा द्यायचीच तर ती आधी डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना द्यावी. राज्यांना तसा अधिकार १९८५ च्या कायद्यातच आहे आणि उत्तराखंडने २०१८ मध्ये तागासारख्या धाग्याच्या लागवडीसाठी तो वापरलाही. कंपन्यांना आधी दार उघडले, तर आदिवासी पुन्हा मजूरच राहील. पाचवी, पुढे कधी नियंत्रित विक्रीचा प्रश्न आलाच, तर खाजगी नफा नको, जाहिरात नको, आणि दारूदुकान आडव्या बाटलीने बंद करण्याचा जो मताधिकार महाराष्ट्रातील स्त्रियांनी मिळविला आहे, तोच अधिकार येथेही हवा.

या मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. आजच्याच कायद्यात कलम ६४ अ आहे. थोड्या प्रमाणाच्या वा सेवनाच्या गुन्ह्यातील व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचारास गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. कलम ३९ प्रमाणे न्यायालय शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकते. ही कलमे आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहेत? किती पालकांना कोणी सांगितली आहेत? प्रत्येक शाखेने निदान एक वकील आणि एक डॉक्टर गाठून ठेवावा. केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, तिचा क्रमांक वाचनालयाच्या फळ्यावर लिहावा. पोरगा पकडला गेला की पहिल्या दिवशी ठाण्यावर, आणि सुटून आला की दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी, आपला माणूस पोहोचला पाहिजे.

आणि शेवटी, मिल गेली, शाखा ओस पडल्या, तालीम बंद झाली, वाचनालयाला कुलूप लागले; त्या रिकाम्या जागेत चिलीम येऊन बसली, हे विसरू नका. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात आपल्या वस्तीतील सतरा वर्षांच्या मुलाने कोठे जावे, याचे उत्तर कोणत्याही कायद्यात नाही. ते आपल्यालाच द्यावे लागेल. येथून उठण्यापूर्वी, बंद पडलेले वाचनालय पुन्हा कधी उघडायचे आणि त्याची किल्ली कोणाकडे राहायची, एवढे आपण ठरवू या.